माकड आणि माकूल

कोंकणच्या किनाऱ्यावर एखाद्या बंदरांत पहांटेच्या प्रहरीं उभें राहिलें, तर हे दोन्ही प्राणी एकाच वेळीं नजरेस पडणें अशक्य नाहीं. वर आंब्याच्या फांदीवर माकड बसलेलें असतें, आणि खालीं होडींतून उतरविलेल्या टोपलींत मासळीबरोबर माकूल आलेलें असतें. गोव्याकडे ह्याच माकुलाला माणकी म्हणतात. माकड आणि माकूल हीं नांवें कानाला सख्ख्या भावंडांसारखीं वाटतात. पण प्रत्यक्ष प्राण्यांकडे पाहिलें तर एकाचा दुसऱ्याशीं अर्थाअर्थीं कांहीं संबंध दिसत नाहीं. एकाला पाठीचा कणा आहे, दुसऱ्याच्या अंगांत हाड म्हणून नाहीं. एकाचें रक्त तांबडें, दुसऱ्याचें निळसर. एक आपल्या पिलाला पोटाशीं धरून झाडावरून झाडावर उडी घेतें. दुसरें समुद्राच्या तळाशीं अंडीं घालतें आणि मरून जातें. असे हे दोन जीव शेजारीं शेजारीं ठेवून त्यांची तुलना करावी, हें सामान्य मनुष्याच्या मनांतहि येणार नाहीं.

तरीहि विद्येच्या इतिहासांत हे दोन जीव वारंवार समोरासमोर आले आहेत. त्यांच्यावरून पंडितांचीं भांडणें झालीं, औषधांचे शोध लागले, आणि शेवटीं कायदेमंडळांनाहि त्यांची दखल घ्यावी लागली. ह्या इतिहासाचें सार सांगावयाचें तर असें कीं, मनुष्यानें माकडाकडे धाव घेतली ती तें आपल्यासारखें आहे म्हणून, आणि माकुलाकडे वळला तो त्याच्यापाशीं आपल्याजवळ नसलेली एक सोय आहे म्हणून. दोघांनींहि त्याला उत्तरें दिलीं. पण जवळच्या सोयऱ्यानें अनेकदां चकविलें, आणि परक्यानें मात्र मनुष्याच्याच शरीरांतील गुपित उघड करून सांगितलें.

प्रथम माकडाची ओळख करून घेणें इष्ट होईल. कोंकणांत व दक्षिणेंत दिसणारें माकड डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखें दिसतें व त्याची शेपटी लांब असते. ह्या कथेंतील माकड म्हणजे त्याचें उत्तरेकडील भावंड. शास्त्रांत त्याला मकाका मुलाटा म्हणतात आणि व्यवहारांत ऱ्हीसस. ढोबळ मानानें तापी व गोदावरी ह्या नद्यांच्या उत्तरेस, आणि अफगाणिस्तानापासून चीनपर्यंत त्याची वस्ती आहे. उत्तर हिंदुस्थानांतील देवळांच्या आवारांत, आगगाडीच्या स्टेशनांवर आणि बाजारांत यात्रेकरूंच्या हातांतील फुटाण्यांची पुडी हिसकावून नेणारें माकड तें हेंच. त्याची शेपटी आंखूड, अंगाचा मागील भाग तांबूस. नराचें वजन सुमारें सात-आठ किलो भरतें. मादीला साडेपांच महिन्यांनीं बहुधा एकच पिलू होतें, आणि पाळलेलें माकड पंचवीस-तीस वर्षें जगूं शकतें. त्याच्या कळपांत मानपानाची उतरंड असते. आईचा मान मुलींकडे येतो, आणि मुलगे वयांत आले म्हणजे बहुधा दुसऱ्या कळपाचा आश्रय शोधितात. मनुष्य आणि हें माकड ह्यांचा समान पूर्वज सुमारें अडीच कोटि वर्षांपूर्वीं होऊन गेला, असें आजचें शास्त्र मानतें. २००७ सालीं ह्या माकडाच्या आनुवंशिक द्रव्याचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां तो मनुष्याच्या आराखड्याशीं शेंकडा सुमारें त्र्याण्णव अंशांनीं जुळतो असें आढळलें.

आतां माकूल. कोंकणच्या जाळ्यांत येणारें नळीच्या आकाराचें माकूल ज्या घराण्यांतलें, त्याच घराण्यांतलें, पण अटलांटिक महासागरांत राहणारें, एक माकूल ह्या कथेंत येतें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तें सांपडतें. शास्त्रज्ञ त्याला दीर्घकाळ लोलिगो पेलाय म्हणत आले. अलीकडे त्याचें कुलनाम बदलून डोरिट्यूथिस असें केलें आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याचाच एक निकट आप्त राहतो. ह्या प्राण्याचें शरीर निमुळत्या पिशवीसारखें. तोंडाभोंवतीं आठ भुजा आणि भक्ष्य पकडण्यासाठीं आणखी दोन लांब शुंडा. तोंडांत पोपटासारखी चोंच. हृदयें तीन. रक्तांत लोहाऐवजीं तांबें असल्यामुळें तें निळसर दिसतें. मेंदू कड्यासारखा असून अन्ननलिका त्या कड्याच्या मधून जाते, म्हणून घांस बेतानेंच घ्यावा लागतो. कातडीवर रंगांच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या क्षणांत पसरून व क्षणांत मिटून तें आपला रंग बदलतें. शत्रु आला कीं शाईचा ढग सोडावयाचा, पिशवींतील पाणी एका जोरकस पिचकारीनें बाहेर फेंकावयाचें, आणि उलट दिशेनें बाणासारखें निसटावयाचें, ही त्याची युद्धनीति. एवढी सारी सामग्री निसर्गानें त्याला दिली ती अवघ्या एका वर्षाहूनहि कमी आयुष्यासाठीं. अंडीं घालून झालीं कीं आईबाप मरतात. पिलांना शिकवावयाला कोणी मागें राहत नाहीं. ज्या माकडाचें बालपणच आईच्या कुशींत वर्षभर चालतें, त्याच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे हें अंतर किती मोठें आहे तें ध्यानीं येईल. ह्या दोघांचा समान पूर्वज शोधावयास पन्नास कोटि वर्षांहूनहि अधिक मागें जावें लागतें.

प्राचीनांनीं दोघांनाहि पाहिलें होतें. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल ह्यानें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत वानरांचें वर्णन केलें आहे, आणि माकुलाच्या कुळाचेंहि इतकें बारकाईनें केलें आहे कीं, त्यानें कोळ्यांच्या सहवासांत पुष्कळ काळ घालविला असावा अशी खात्री पटते. परंतु त्याच्यानंतर वैद्यकाचें लक्ष माकडाकडे गेलें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोमन साम्राज्यांतील प्रसिद्ध वैद्य गेलेन ह्याला मनुष्याचें शवच्छेदन करण्याची मोकळीक नव्हती. मनुष्यासारखा म्हणून त्यानें उत्तर आफ्रिकेंतील माकड घेतलें. तें ऱ्हीससच्याच कुळांतलें. माकडाच्या शरीरांत जें दिसलें तें मनुष्याच्या शरीरांतहि असणार, असें धरून त्यानें ग्रंथ लिहिले, आणि सुमारें तेराशें वर्षें युरोपांतील व अरब देशांतील वैद्य ते ग्रंथ प्रमाण मानून चालले. १५४३ सालीं व्हेसेलियस ह्या तरुण शरीरशास्त्रज्ञानें मानवी शवांवरून तयार केलेला आपला भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दाखवून दिलें कीं, गेलेननें अनेक ठिकाणीं वर्णन केलें होतें तें मनुष्याचें नसून माकडाचें होतें. सारखेपणावर विसंबल्याचा हा पहिला मोठा धडा.

माकुलाची पाळी आली ती पॅरिस शहरीं, १८३० सालीं. त्या वेळीं तेथील विज्ञान-परिषदेंत दोन थोर प्राणिशास्त्रज्ञ होते. एक बॅरन क्युव्हिए. त्यानें १८१२ सालीं सर्व प्राणिसृष्टि चार विभागांत वांटली होती : पृष्ठवंशी, मृदुकाय, खंडित शरीराचे आणि अरीय रचनेचे. ह्या चार विभागांच्या मध्यें त्याच्या मतें ओलांडतां न येणाऱ्या भिंती होत्या. माकड पहिल्या कोठ्यांत, माकूल दुसऱ्यांत. दोघांचा आराखडाच निराळा. दुसरा पंडित एतिएन जोफ्र्वा सांतिलेर. त्याची श्रद्धा अशी कीं, निसर्गानें सर्व प्राणी एकाच आराखड्यावर घडविले आहेत. अवयव लांबतील, आंखडतील, पण त्यांची परस्परांशीं असलेली मांडणी बदलणार नाहीं. दोघेहि एकेकाळचे स्नेही. तरुणपणीं क्युव्हिएला पॅरिसला आणण्यांत जोफ्र्वाचाच हात होता.

१८२९ च्या ऑक्टोबरांत मेराँ आणि लोरांसे ह्या दोन अप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञांनीं परिषदेकडे एक निबंध पाठविला. त्यांतील कल्पना मोठी चमत्कारिक होती. एखादा पृष्ठवंशी प्राणी, म्हणजे माकड घ्या, मांजर घ्या कीं मनुष्य घ्या, पाठीकडे असा वांकविला कीं त्याची मान त्याच्या कटिभागाला येऊन टेकली, तर त्याच्या आंतील अवयवांची जी मांडणी होईल ती बरोबर माकुलाच्या कुळासारखी होईल, असें त्यांचें म्हणणें. डोंबाऱ्याच्या पोरानें उलटी कमान टाकावी तशी ही कल्पना. जोफ्र्वाला तर आनंदाचें भरतें आलें. १५ फेब्रुवारी १८३० रोजीं त्यानें परिषदेपुढें त्या निबंधावर अनुकूल अहवाल वाचला, आणि क्युव्हिएच्या भिंतीला भगदाड पडलें असें सुचविलें.

क्युव्हिए संतापला. एका आठवड्यानें, २२ फेब्रुवारीस, तो रंगीत आकृत्या घेऊन उभा राहिला, आणि एकेक अवयव दाखवीत त्यानें त्या कल्पनेची चिरफाड केली. मेंदू कोठें, यकृत कोठें, हृदयें किती. पृष्ठवंशी प्राणी कितीहि वांकविला तरी तो माकुलाशीं जुळत नाहीं, आणि माकुलाचे कित्येक अवयव तर पृष्ठवंशी प्राण्यांत मुळीं नाहींतच. वाद दोन महिने चालला. वर्तमानपत्रांनीं तो उचलला, लोक परिषदेच्या सभांना गर्दी करूं लागले. त्या वर्षाच्या जुलैंत पॅरिसमध्यें राज्यक्रांति झाली. तिची वार्ता वायमार येथें पोंचली तेव्हां ऐंशी वर्षांचा महाकवि गटे आपल्या भेटीस आलेल्या स्नेह्याला मोठ्या आवेशानें विचारूं लागला कीं, पॅरिसच्या त्या प्रचंड उत्पाताविषयीं त्याचें मत काय. स्नेही राजाच्या पदच्युतीविषयीं बोलूं लागला. पण गटेला अभिप्रेत होतें तें ह्या दोन पंडितांचें भांडण. सिंहासनें येतात आणि जातात, परंतु सर्व जीवांचा आराखडा एक कीं अनेक, हा प्रश्न त्याला त्याहून मोठा वाटत होता.

तपशिलांत क्युव्हिएचें म्हणणें खरें होतें. त्या दोन निसर्गशास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्धहि झाला नाहीं. पण जोफ्र्वाचा मूळ प्रश्न कायम राहिला. १८५९ सालीं डार्विनचा ग्रंथ आला आणि आराखड्याच्या ऐक्याला वंशाच्या ऐक्याचा अर्थ प्राप्त झाला. तरीहि माकूल आणि माकड हे फार दूरचे जीव. त्यांच्यांत समान असें काय उरलें असणार, हें कोणाला सांगतां येईना. तें उत्तर माकुलाच्या मज्जातंतूंतून यावयाचें होतें.

अमेरिकेंतील वुड्स होल ह्या समुद्रकांठच्या गांवीं १८८८ सालीं एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तेथील किनाऱ्यावर उन्हाळ्यांत माकुलांचे थवे येतात. १९०९ सालीं विल्यम्स नांवाच्या एका प्राणिशास्त्रज्ञानें माकुलाच्या शरीररचनेवर पुस्तक लिहितांना त्यांतील एका विलक्षण जाड तंतूचा उल्लेख करून ठेविला होता. त्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. १९३६ च्या सुमारास जे. झेड. यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें पुन्हां तो तंतु पाहिला. ती रक्तवाहिनी असावी इतकी तिची जाडी. पण तो एकच मज्जातंतु होता, कधीं कधीं एक मिलिमीटरपर्यंत रुंद. मनुष्याचा जाडांत जाड तंतु त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाहि क्वचित् भरतो.

एवढा जाड तंतु माकुलाला कशाला हवा? त्याचें उत्तर त्याच्या पळून जाण्याच्या रीतींत आहे. पिचकारी जोरानें सुटावयाची तर पिशवीचे सर्व स्नायु एकदम आंखडले पाहिजेत. तंतु जितका जाड तितकी वार्ता जलद धांवते. म्हणून पिशवीच्या दूरच्या टोंकाला जाणारे तंतु अधिक जाड, जवळच्या भागाला जाणारे बारीक, असा निसर्गाचा हिशेब आहे. जवळच्यांना व दूरच्यांना हुकूम एकाच क्षणीं पोंचतो. माकडाच्या किंवा मनुष्याच्या शरीरानें हाच प्रश्न दुसऱ्या रीतीनें सोडविला आहे. तेथें तंतु बारीकच राहतो, पण त्यावर चरबीयुक्त वेष्टन असल्यामुळें वार्ता जलद जाते. प्रश्न एक, उपाय दोन.

संशोधकांना मात्र माकुलाचा उपायच उपयोगी पडला. कारण मनुष्याच्या तंतूंत सुई घालणें त्या काळीं अशक्य होतें, माकुलाच्या तंतूंत तें शक्य होतें. १९३९ च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ येथें ॲलन हॉजकिन आणि अँड्रू हक्स्ली ह्या दोन तरुणांनीं तेथील माकुलाच्या तंतूंत केसासारखी बारीक कांचेची नळी लांबीच्या दिशेनें सरकविली, आणि वार्ता जात असतां आंतील विद्युद्दाब मोजला. स्वस्थ असतां तंतूचा आंतील भाग बाहेरच्या मानानें ऋण असतो. वार्ता जातांना तो शून्यावर येईल, अशी त्या काळची समजूत. प्रत्यक्षांत तो शून्य ओलांडून बराच धन झाला. हें कां झालें तें शोधण्याआधींच महायुद्ध सुरू झालें. ऑक्टोबरांत त्यांनीं एक लहानसें टिपण छापलें आणि दोघेहि युद्धकार्याला लागले.

युद्धांत प्लिमथ शहरावर बाँब पडले, प्रयोगशाळेचीहि हानि झाली. युद्ध संपल्यावर ते दोघे पुन्हां त्याच माकुलाकडे आले. माकूल पाळतां येत नाहीं. होडीनें तें आणून दिलें तर काम, नाहीं तर हात जोडून बसणें. कोळ्याच्या जाळ्यावर शास्त्राचा मुहूर्त अवलंबून. अखेरीस १९५२ सालीं त्यांनीं पांच निबंध प्रसिद्ध केले. प्रथम सोडियमचे कण तंतूच्या आंत शिरतात, मागाहून पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि अशा रीतीनें विद्युत्-लहर पुढें सरकते, हें त्यांनीं गणितानें सिद्ध केलें. केंब्रिजचें गणकयंत्र त्या वेळीं बंद असल्यामुळें हक्स्लीनें हातानें फिरवावयाच्या यंत्रावर आठवड्यामागून आठवडे आंकडेमोड केली. १९६३ सालीं दोघांना एक्लीस ह्या तिसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. माकुलाच्या तंतूंत सांपडलेला हा नियम मूलतः माकडालाहि लागू, मनुष्यालाहि लागू. हृदयाच्या ठोक्यांतील विद्युत्-लहरींचा अभ्यास असो कीं दांत काढतांना दिल्या जाणाऱ्या भूल-औषधाचा असो, त्याच्या मुळाशीं हाच नियम आहे. अवयवांची मांडणी जुळवूं पाहणाऱ्या जोफ्र्वाला जें ऐक्य सांपडलें नाहीं, तें अशा रीतीनें एका तंतूंत सांपडलें.

ह्याच काळांत माकडाची हकीगत निराळ्या वाटेनें चालली होती. १९०८ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर ह्यांनीं बालपक्षाघातानें, म्हणजे पोलिओनें, मरण पावलेल्या एका मुलाच्या पाठीच्या कण्यांतील द्रव्य माकडांना टोंचलें, आणि रोग त्यांच्यांत उतरला. ह्या रोगाचें कारण अतिसूक्ष्म विषाणु आहे, हें त्यावरून ठरलें. पण पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. न्यूयॉर्क येथें सायमन फ्लेक्सनर व त्यांचे सहकारी वर्षानुवर्षें ऱ्हीसस माकडांवर प्रयोग करीत राहिले. ह्या माकडाला तोंडावाटें पोलिओ सहसा होत नाहीं, नाकावाटें होतो. तेव्हां मनुष्यालाहि तो नाकावाटेंच होत असणार आणि विषाणु फक्त मज्जातंतूंतच वाढत असणार, असा निष्कर्ष निघाला. १९३७ सालीं कॅनडांत टोरोंटो येथें हजारों मुलांच्या नाकांत जस्ताच्या क्षाराचा फवारा मारण्यांत आला. पोलिओ थांबला नाहीं; कांहीं मुलांचें वासाचें ज्ञान मात्र गेलें. वास्तविक हा रोग तोंडावाटें शिरतो आणि विषाणु प्रथम आंतड्यांत वाढतो. माकडावर ठेवलेल्या अतिविश्वासामुळें लशीचा मार्ग कित्येक वर्षें अडून राहिला. गेलेनची चूक विसाव्या शतकांत पुन्हां घडली.

आणखी एक उदाहरण प्रत्येक दवाखान्यांत आजहि उच्चारलें जातें. १९४० सालीं लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर ह्यांनीं ऱ्हीसस माकडाचें रक्त सशांना टोंचून एक द्रव तयार केला. तो न्यूयॉर्कमधील शंभरांतील सुमारें पंचाऐंशी गोऱ्या माणसांच्या रक्तपेशी एकत्र गोळा करी. मनुष्याच्या रक्तांतील तो घटक ऱ्हीससच्या नांवावरून आर्‌एच् म्हणून ओळखला जाऊं लागला. आईचें रक्त एका प्रकारचें व पोटांतील मुलाचें दुसऱ्या प्रकारचें असल्यामुळें दगावणाऱ्या अर्भकांचें कोडें ह्या ज्ञानानें सुटलें, आणि १९६८ पासून त्यावर प्रतिबंधक टोंचणीहि उपलब्ध झाली. पण पुढील संशोधनांत असें ठरलें कीं, माकडाच्या रक्तांतील घटक आणि मनुष्याचा आर्‌एच् घटक हे वेगळेच आहेत. नांव मात्र चिकटलें तें चिकटलेंच.

ह्यावरून माकडाचा उपयोग झाला नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. १९४९ सालीं एंडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मज्जातंतूंखेरीज इतर पेशींवरहि पोलिओचा विषाणु वाढवून दाखविला, आणि मग माकडाच्या मूत्रपिंडांतील पेशींवर तो वाढवून जोनास साल्क ह्यांनीं लस केली. १२ एप्रिल १९५५ रोजीं ती गुणकारी ठरल्याचें जाहीर झालें, आणि घरोघरच्या आयांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. त्या लशीची किंमत कोणी दिली हें फारसें कोणी विचारलें नाहीं. हीं माकडें बहुतांशीं भारतांतून जात. त्या दशकांत वर्षाला एक लाखाहून अधिक माकडें उत्तर भारतांत पकडून, पिंजऱ्यांत कोंबून परदेशीं पाठविलीं जात. प्रवासांत पुष्कळ मरत. १९५५ सालीं भारत सरकारनें कांहीं काळ निर्यात थांबविली, आणि औषधोपयोगी संशोधन व लस ह्यांखेरीज माकडें वापरूं नयेत अशी अट घातली. परंतु अमेरिकेंत ह्याच माकडांवर लष्करी किरणोत्सर्गाचे प्रयोग झाल्याचें पुढें उघडकीस आलें. मोरारजी देसाई पंतप्रधान असतांना १९७७ च्या अखेरीस निर्यातबंदीचा निर्णय झाला, आणि १ एप्रिल १९७८ पासून ती अमलांत आली. मारुतीच्या देवळापुढें हात जोडणाऱ्या देशाला ह्याहून कमी कांहीं शोभलें नसतें. ज्या देशांतून हीं माकडें गेलीं, त्या भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं आढळला, आणि २०१४ च्या मार्चांत हा देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, हीहि त्याच हिशेबाची एक जमेची बाजू आहे.

परदेशीं गेलेल्या सर्वच माकडांच्या नशिबीं पिंजरा आला असें नाहीं. १९३८ सालीं कार्पेंटर नांवाच्या अमेरिकन संशोधकानें भारतांतून नेलेलीं ४०९ माकडें पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो ह्या चिमुकल्या बेटावर मोकळीं सोडलीं. त्यांचे वंशज आजहि तेथें आहेत. २०१७ च्या भयंकर वादळानें बेटावरील झाडें जवळजवळ नाहींशीं झालीं, आणि सावली दुर्मिळ झाली. तेव्हां एरवीं भांडखोर असणारीं हीं माकडें एकमेकांना सांभाळून घेत एकाच सावलींत बसूं लागलीं, असें निरीक्षकांना आढळलें. त्यांना ह्यासाठीं कोणी टोंचलें नव्हतें कीं बांधलें नव्हतें. दुरून पाहूनहि ज्ञान मिळतें, ह्याचें हें चांगलें उदाहरण होय.

२०२० ह्या वर्षानें दोन्ही प्राण्यांना पुन्हां कामाला लाविलें. करोनाच्या सांथींत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंत २० ऱ्हीसस माकडांवर, त्यांचे चार गट करून, भारतीय लशीची परीक्षा घेण्यांत आली. त्याच वर्षीं वुड्स होल येथें त्या जुन्या माकुलाच्या अंड्यांतील एक जनुक निकामी करण्याचा प्रयोग प्रथमच यशस्वी झाला, आणि अंगावर ठिपके नसलेलीं पिलें निपजलीं.

आतां शेवटीं पुन्हां पॅरिसच्या वादाकडे वळावयाचें. माकडाचा डोळा आणि माकुलाचा डोळा हे दोन्ही कॅमेऱ्यासारखे आहेत. भिंग आहे, बाहुली आहे, मागें पडदा आहे. पण माकडाच्या डोळ्यांत मज्जातंतु पडद्याच्या पुढून निघून त्याला भोंक पाडून बाहेर जातात, म्हणून तेथें एक आंधळा ठिपका राहतो. माकुलाचे तंतु पडद्याच्या मागूनच निघतात, त्याला आंधळा ठिपका नाहीं. दोन घराण्यांनीं स्वतंत्रपणें डोळा बनविला, हें ह्यावरून उघड होतें. येथें क्युव्हिएची सरशी होते. पण १९९७ सालीं संशोधकांनीं डोळा घडविण्याचा आरंभ करून देणारें माकुलाचें जनुक एका माशीच्या शरीरांत नको त्या जागीं कार्यान्वित केलें, आणि तेथें माशीचा डोळा उगवला. सस्तन प्राण्यांतहि डोळ्याची सुरुवात करणारें जनुक मूलतः तेंच. म्हणजे इमारती निराळ्या, पण पायाचा पहिला दगड बसविणारा गवंडी एकच. जोफ्र्वानें जें स्वप्न चुकीच्या आकृत्यांवर उभें केलें, त्याचा एवढा अंश तरी खरा निघाला.

भिंतीचा आणखी एक चिरा निखळला तो प्रयोगशाळेबाहेर. युरोपियन संघानें २०१० सालीं प्रयोगांतील प्राण्यांच्या रक्षणासाठीं जो नियम केला, त्यांत पृष्ठवंशी प्राण्यांच्या जोडीला माकुलाचें संपूर्ण कूळ घातलें. त्या जीवांना वेदना व क्लेश होतात, असें कारण दिलें. २०२२ सालीं इंग्लंडच्या कायद्यानेंहि माकुलाच्या कुळाला संवेदनाक्षम प्राण्यांत गणलें. भारताच्या १९६० च्या प्राणिक्लेशनिवारक कायद्यांत तर प्राणी ह्या शब्दाची व्याख्याच मनुष्याखेरीज कोणताहि सजीव प्राणी अशी व्यापक केली आहे. क्युव्हिएनें ज्यांना दोन कोठ्यांत ठेविलें होतें, ते माकड आणि माकूल अखेरीस एका ओळींत येऊन बसले. त्यांना तेथें बसविलें तें अवयवांच्या साम्यानें नाहीं. दोघांनाहि दुखतें, एवढ्या एका गोष्टीनें.

सोयरीक किती जवळची, हें मोजण्यांत मनुष्यानें दोन हजार वर्षें घालविलीं. जवळच्यावर त्यानें फाजील विश्वास टाकला, दूरच्याला निव्वळ साधन समजला, आणि दोघांपासून त्याला लाभलें तें त्यांच्या जिवावर लाभलें. सकाळच्या बाजारांत टोपलींत पडलेलें माकूल दिसलें, किंवा कौलांवरून उड्या मारीत जाणारें माकड दिसलें, तर ह्या ऋणाची क्षणभर आठवण ठेवावी, इतकेंच ह्या इतिहासाचें मागणें आहे.